'चिअर अप' : अर्थ, वापर आणि मराठीतील जवळचे शब्द – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'चिअर अप' या इंग्रजी फ्रेझल व्हर्बचा (क्रियापद आणि 'अप'सारखा छोटा शब्द यांच्या जोडीचा) नेमका अर्थ काय?

खिन्न झालेल्या, हिरमुसलेल्या किंवा निराश बसलेल्या माणसाचे मन पुन्हा प्रसन्न होणे, किंवा दुसऱ्या कोणी ते प्रसन्न करणे, असा या क्रियापदाचा अर्थ आहे. शब्दकोशात बहुधा 'आनंदित होणे' एवढेच दिलेले असते आणि तेथेच पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ असते, कारण नुसत्या आनंदित होण्याला 'चिअर अप' म्हणत नाहीत. आधी मन उतरलेले असले पाहिजे, चेहरा पडलेला असला पाहिजे, आणि मग तो सावरला, तरच हे क्रियापद लागू पडते. परीक्षेत पहिला आल्याचे कळून एखादी मुलगी आनंदाने उड्या मारू लागली, तर ती 'चिअर अप' झाली असे म्हणता येणार नाही. मात्र गणिताचा पेपर अवघड गेला म्हणून दोन दिवस गप्प असलेली तीच मुलगी मैत्रिणीचा फोन आल्यावर पुन्हा बोलू-हसू लागली, तर 'शी चिअर्ड अप' हे वाक्य अगदी चपखल बसते.

'चिअर' या शब्दाचा मूळ अर्थ 'आनंद' असाच आहे का?

नाही, आणि हा इतिहास मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. 'चिअर'चा मूळ अर्थ 'चेहरा' असा होता. उत्तरकालीन लॅटिनमधील 'कारा' म्हणजे चेहरा; त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये 'शिएर' झाले आणि तेथून हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत आला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या भाषांत चेहऱ्याला आजही 'कारा' म्हणतात, त्यामुळे गोव्यातील पोर्तुगीज जाणणाऱ्या जुन्या पिढीला हे नाते सांगावे लागणार नाही.

चेहऱ्यावरून हा शब्द चेहऱ्यावरच्या भावाकडे गेला, भावावरून मनःस्थितीकडे, आणि पुढे 'चांगली मनःस्थिती' हाच त्याचा मुख्य अर्थ होऊन बसला. पूर्वीच्या काळी इंग्रजीत भेटल्यावर 'व्हॉट चिअर?' असे विचारत, म्हणजे 'मन कसे आहे, कसे काय चालले आहे?'. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहराच्या मुद्रेवर हे दोन शब्द आजही आहेत. सन 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये 'बी ऑफ गुड चिअर' असा शब्दप्रयोग येतो आणि मराठी बायबलमध्ये त्या जागी 'धीर धरा' असे शब्द आहेत. म्हणजे त्या काळी या शब्दात हसू-खुशीपेक्षा धैर्याचा भाग अधिक होता. जल्लोषाने ओरडणे हा अर्थ त्यामानाने नवा असून तो अठराव्या शतकात रुळला.

आता मराठीकडे पाहावे. आपणही दुःख चेहऱ्यावरच वाचतो. 'तोंड पाडून बसला', 'चेहरा उतरला', 'चेहरा पडला', 'तोंड एवढेसे झाले' असे आपण म्हणतो आणि मन सावरले की 'चेहरा खुलला' म्हणतो. 'चिअर अप' म्हणजे शब्दशः 'चेहरा वर', हे एकदा ध्यानात आले की या क्रियापदाचा अर्थ पाठ करावा लागत नाही.

यात 'अप' कशासाठी आहे? नुसते 'चिअर' का चालत नाही?

इंग्रजीत आनंद 'वर' असतो आणि दुःख 'खाली'. मन खाली गेलेले असते, ते वर आणायचे असते, म्हणून 'अप'. ही कल्पना आपल्याला परकी नाही: आपले मन खचते, धीर सुटतो, उत्साह मावळतो, मान खाली जाते, उलट मनाला उभारी येते, आणि 'उभारी' या शब्दात उभे राहणेच आहे.

'अप' काढून टाकले तर अर्थ बदलतो. 'द क्राउड चिअर्ड' म्हणजे जमावाने जल्लोष केला, आरोळ्या दिल्या, टाळ्या वाजवल्या. तेथे कोणीही दुःखी नव्हते. वृत्तपत्रांच्या इंग्रजीत 'इन्व्हेस्टर्स वेअर चिअर्ड बाय द न्यूज' असेही वाक्य दिसते. त्याचा अर्थ 'त्या बातमीने गुंतवणूकदारांना हुरूप आला' असा असून तो औपचारिक लेखनातील वापर आहे. घरगुती बोलण्यात, माणसाचे उतरलेले मन सावरण्याविषयी बोलताना, 'अप' हवेच.

'स्वतः खुलणे' आणि 'दुसऱ्याला खुलवणे' या दोन्हींसाठी एकच रूप कसे?

मराठीत आपण ही दोन कामे दोन क्रियापदांनी करतो: हसणे आणि हसवणे, रमणे आणि रमवणे, खुलणे आणि खुलवणे. इंग्रजीत 'चिअर अप' दोन्हीकडे तेच राहते. 'माय ब्रदर चिअर्ड अप' म्हणजे माझ्या भावाची कळी खुलली. 'आय चिअर्ड माय ब्रदर अप' म्हणजे मी भावाची कळी खुलवली. फरक एवढाच की दुसऱ्या वाक्यात कर्म आले.

असे होणे मराठीलाही अपरिचित नाही. 'दार उघडले' आणि 'मी दार उघडले', 'काठी मोडली' आणि 'मी काठी मोडली', 'हवा बदलली' आणि 'मी सदरा बदलला' ही वाक्ये पाहिली की लक्षात येते की एकच क्रियापद अकर्मक आणि सकर्मक असे दोन्ही असू शकते. 'चिअर अप' याच जातीचे आहे. म्हणून 'मेक हिम चिअर अप' असे लांबण लावण्याची बहुधा गरज नसते. 'चिअर हिम अप' पुरेसे आणि अधिक सहज आहे.

कर्म मध्ये ठेवायचे की शेवटी?

कर्म नाम असेल तर दोन्ही जागा चालतात: 'चिअर द चाइल्ड अप' आणि 'चिअर अप द चाइल्ड' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. कर्म सर्वनाम असेल, म्हणजे 'हिम', 'हर', 'मी', 'देम', 'अस' यांपैकी काही असेल, तर ते मध्येच बसते. 'चिअर हर अप' बरोबर. 'चिअर अप हर' चूक. यात अपवाद शोधत बसू नये.

ही चूक मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांकडून फार वेळा होते, आणि त्यात त्यांच्या आळसाचा भाग नसतो. 'धीर देणे', 'उभारी देणे' ही आपल्याकडची जोडक्रियापदे साध्या वाक्यात एकसंध राहतात आणि कर्म त्यांच्या आधी येते: 'त्याला धीर दे'. त्यामुळे 'चिअर अप' हाही न तुटणारा एक शब्द आहे असे मन गृहीत धरते. यावर नियम घोकण्यापेक्षा कानाचा उपाय अधिक चांगला. इंग्रजी बोलताना या जोडीतील 'अप'वर जोर येतो आणि साध्या सर्वनामावर जोर नसतो. वाक्याचा शेवट जोरदार शब्दाने व्हावा अशी इंग्रजीची ओढ असल्यामुळे हलके सर्वनाम मध्ये दबून बसते. 'चिअर-हिम-अप' हे शेवटचा 'अप' ठासून दहा वेळा मोठ्याने म्हणावे. मग 'चिअर अप हिम' कानालाच खटकू लागते.

कर्म बरेच लांब असेल, उदाहरणार्थ 'सहल रद्द झाल्यामुळे हिरमुसलेली सगळी मुले' एवढे मोठे, तर ते शेवटी टाकावे. 'चिअर' आणि 'अप' यांच्यामध्ये आठ-दहा शब्द आले तर वाचणारा 'अप'ची वाट पाहत राहतो.

वेगवेगळ्या काळांत याची रूपे कशी होतात?

हे सोपे आहे: चिअर अप, चिअर्ड अप, चिअरिंग अप. 'अप' कधीच बदलत नाही. एक रचना मात्र आवर्जून शिकावी: 'ही नीड्स चिअरिंग अप', म्हणजे 'त्याचे मन कोणीतरी रमवायला हवे आहे'. मराठी विद्यार्थी येथे 'ही नीड्स टू बी चिअर्ड अप' असे लिहितात. ते चूक नाही, पण बोलण्यात पहिली रचना अधिक ऐकू येते. स्वतःच स्वतःचे मन रमवण्यासाठी 'चिअर मायसेल्फ अप' म्हणतात: 'आय मेड सम टी टू चिअर मायसेल्फ अप'.

कशाने मन रमवले, हे सांगताना कोणते शब्दयोगी अव्यय वापरावे?

वस्तू असेल तर 'विथ' आणि कृती असेल तर 'बाय'. 'शी चिअर्ड हिम अप विथ अ स्टोरी' म्हणजे तिने गोष्ट सांगून त्याला खुलवले. 'शी चिअर्ड हिम अप बाय सिंगिंग' म्हणजे तिने गाऊन त्याला खुलवले. स्वतःहून खुलण्याचे कारण सांगायचे असेल तर 'अ‍ॅट' किंवा 'व्हेन' येते: 'ही चिअर्ड अप अ‍ॅट द थॉट ऑफ गोइंग होम', म्हणजे घरी जायच्या नुसत्या विचाराने त्याचा चेहरा फुलला.

'वुई वेन्ट टू चिअर अप अवर टीम' हे वाक्य बरोबर आहे का?

व्याकरणाने बरोबर आहे, पण बहुतेक वेळा जे म्हणायचे असते ते त्यातून निघत नाही. या वाक्याचा अर्थ असा होतो की आपला संघ हरला होता, खेळाडू माना खाली घालून बसले होते आणि आपण त्यांची समजूत काढायला गेलो. सामना चालू असताना आरोळ्या देऊन, टाळ्या वाजवून संघाला जोर आणायचा असेल तर 'चिअर ऑन' किंवा 'चिअर फॉर' म्हणावे: 'वुई वेन्ट टू चिअर अवर टीम ऑन', किंवा 'वुई चिअर्ड फॉर अवर टीम'.

हा गोंधळ आपल्याकडे खोलवर रुजण्यास कारणे आहेत. शाळेच्या क्रीडादिनी धावपट्टीच्या कडेला उभे राहून 'बक अप, बक अप' असा घोष करत आपल्यापैकी अनेक जण वाढले. ते 'बक अप' 'उठ, जोर लाव' अशा अर्थाचे आहे, आणि त्यातला 'अप' मनात इतका बसला की उत्तेजनाच्या प्रत्येक शब्दाला 'अप' लागतो असे वाटू लागले. पुढे 2008 मध्ये आयपीएल सुरू झाली आणि 'चिअरलीडर' हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रोजचा झाला. चिअरलीडिंगची सुरुवात 1898 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाली आणि सुरुवातीचे चिअरलीडर पुरुष विद्यार्थी होते. प्रेक्षकांच्या आरोळ्यांचे पुढारपण करणारा तो चिअरलीडर. म्हणजे या शब्दातील 'चिअर' जल्लोषाचा आहे, समजुतीचा नाही. 'चिअरलीडर' म्हणजे 'दुःखी माणसांना हसवणारी व्यक्ती' असा अर्थ काही विद्यार्थ्यांनी माझ्यासमोर अगदी प्रामाणिकपणे सांगितला आहे, आणि 'चिअर अप' आधी शिकवले व 'चिअर' नंतर, तर असे होणारच.

थोडक्यात खूण अशी: मैदानावर खेळ चालू असेल तर 'ऑन' किंवा 'फॉर', खेळ संपून संघ हरून परतला असेल तर 'अप'.

मराठीत 'चिअर अप'ला एकच प्रतिशब्द आहे का?

एकच शब्द नाही, आणि ती उणीव आहे असे मला वाटत नाही. कोणाचे मन उतरले आहे, कशामुळे उतरले आहे आणि सावरणारे कोण आहे, यांवर मराठी शब्द ठरतो.

रुसलेल्या किंवा खट्टू झालेल्या लहान मुलाची 'कळी खुलते'. माझ्या मते 'चिअर अप'ला सर्वांत जवळचा मराठी वाक्प्रचार हाच, कारण त्यात आधीचे मिटलेपण आणि नंतरचे उमलणे ही दोन्ही टोके आहेत. मित्र अपयशाने खचला असेल तर त्याला 'उभारी देतात'. संकटात सापडलेल्याला 'धीर देतात'. हट्टाला पेटलेल्याची 'समजूत काढतात', आणि रुसलेल्याचा 'रुसवा काढतात'. कामाचा कंटाळा आलेल्याला शाबासकीने 'हुरूप येतो'. आजारपणाने घरात अडकलेल्याचे 'मन रमवतात'. चिंता दूर झाली की 'मनावरचे मळभ जाते'.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे हे स्पष्ट होईल. आमच्या शेजारच्या सात वर्षांच्या मुलाची शाळेची सहल पावसामुळे ऐन सकाळी रद्द झाली. पाठीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, पायात नवे बूट, अशा अवस्थेत तो उंबऱ्यावर बसून राहिला. आईने 'पुढच्या आठवड्यात जाल' म्हणून पाहिले, वडिलांनी चॉकलेट पुढे केले. त्याने मान वर केली नाही. मग त्याची आजी उठली, तिने पडवीत सतरंजी अंथरली, त्याच्याच दप्तरातून डबा काढून दशम्या आणि बटाट्याची भाजी दोन ताटल्यांत वाढली आणि पावसाकडे बघत म्हणाली, "ये रे, आपली गाडी सुटायची वेळ झाली. खिडकीची जागा तुझी." तो दोन मिनिटे तसाच बसला. मग बूट न काढताच सतरंजीवर आला, आणि थोड्याच वेळात 'आजी, बोगदा आला' म्हणून ओरडू लागला.

इंग्रजीत हे सारे 'हिज ग्रँडमदर चिअर्ड हिम अप' एवढ्या पाच शब्दांत मावते. मराठीत मात्र 'आजीने त्याला आनंदित केले' असे भाषांतर केले तर त्यातला जीव जातो; 'आजीने त्याची कळी खुलवली' हेच म्हणावे लागते. वडिलांनी चॉकलेट देणे हा 'चिअर अप' करण्याचा प्रयत्न होता, पण मुलगा चिअर अप झाला नाही. म्हणून त्यांच्याविषयी लिहिताना 'ट्राइड टू चिअर हिम अप' असे लिहावे लागेल. 'ट्राय टू' ही जोडणी या क्रियापदाबरोबर इतकी वारंवार येते ती याच कारणाने.

'पर्क अप', 'बक अप', 'ब्राइटन अप' आणि 'लाइटन अप' हे सारे याचेच समानार्थी शब्द आहेत का?

समानार्थी म्हणून यादीत दिलेले असतात, पण एकाच्या जागी दुसरा टाकता येत नाही. 'पर्क अप'मध्ये तरतरीचा भाग मोठा आहे. दुपारी पेंगुळलेल्या माणसाला आल्याच्या चहाने तरतरी येते, कोमेजलेले रोप पाणी मिळताच टवटवीत होते; दोन्ही ठिकाणी 'पर्क अप' शोभते. झोप आलेली आहे पण दुःख काहीच नाही, अशा माणसाला 'चिअर अप' म्हणणे चुकीचे आहे.

'ब्राइटन अप' हे चेहरा उजळण्यासाठी आणि हवा निवळण्यासाठीही वापरतात; त्यातला बदल डोळ्यांना दिसतो आणि बहुधा अचानक होतो. 'बक अप'मध्ये प्रेम असले तरी थोडी दटावणी आहे: 'चल, ऊठ, रडत बसू नकोस'. शिवाय ब्रिटिश बोलण्यात त्याचा अर्थ 'लवकर आटप' असाही होतो. इंग्रजी वातावरणात नव्यानेच गेलेल्या माणसाने हा शब्द जपून वापरावा.

'लाइटन अप' सर्वांत फसवा आहे. तो पाहून 'मन हलके करणे' आठवते, पण दोहोंचा संबंध नाही. मराठीत मन हलके होते ते रडून किंवा कोणाजवळ बोलून, आणि त्यात सुटकेचा भाव असतो. इंग्रजीत 'लाइटन अप' म्हणजे 'एवढे गंभीर होऊ नका, इतके मनाला लावून घेऊ नका'. बहुतेक वेळा ते ऐकणाऱ्यावर केलेली टीकाच असते. दुःख सांगणाऱ्या मैत्रिणीला 'लाइटन अप' म्हटले तर तिचे मन दुखावेल.

कोणाच्या निधनानंतर किंवा मोठ्या आघाताच्या वेळी 'चिअर अप' म्हणावे का?

म्हणू नये. या संपूर्ण पानातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

'चिअर अप' हे लहान दुःखाचे क्रियापद आहे. हरलेला सामना, हुकलेली गाडी, कमी पडलेले गुण, पावसात बुडालेली सुट्टी, मित्राशी झालेले भांडण यांसाठी ते योग्य आहे, कारण ही दुःखे दोन दिवसांत विरणारी आहेत आणि त्यांना थोडे हसण्यावारी नेले तर चालते. ज्या दुःखाला हसण्यावारी नेणे हा अपमान ठरतो, तेथे हे क्रियापदही अपमान ठरते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या एका परप्रांतीय सहकाऱ्याचे वडील गेले. आमचा सारा पत्रव्यवहार इंग्रजीत असे, म्हणून मी त्याला इंग्रजीत पत्र लिहिले आणि शेवटी अगदी मनापासून 'प्लीज ट्राय टू चिअर अप' असे लिहिले. माझ्या मनात 'सावरा, धीर धरा' असे होते. कागदावर उतरले ते 'जरा हसा बघू' असे. कामावर परतल्यावर त्याने पत्र मिळाल्याचे सांगितले आणि विषय बदलला. त्याचा चेहरा पाहून काहीतरी चुकले एवढे कळले. काय चुकले ते पुढे एका जाणत्या शिक्षिकेने समजावून सांगितले. ते वाक्य लिहिल्याची खंत मला आजही आहे, आणि त्यामुळेच विद्यार्थ्यांना हे क्रियापद शिकवताना मी या मुद्द्यावर थांबल्याशिवाय पुढे जात नाही.

अशा प्रसंगी इंग्रजीत 'आय अ‍ॅम सो सॉरी फॉर युअर लॉस' किंवा 'यू आर इन माय थॉट्स' असे लिहावे. 'सांत्वन करणे' यासाठी 'कन्सोल' आणि 'कम्फर्ट' ही क्रियापदे आहेत. मराठीत 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' असे लिहितात. आणि प्रत्यक्ष गेल्यावर तर आपल्याकडे काही न बोलता शेजारी बसून राहण्याचीच रीत आहे.

दीर्घकाळ नैराश्याने त्रासलेल्या माणसालाही 'चिअर अप' म्हणू नये. नैराश्य हा आजार आहे, आणि 'चेहरा वर कर' म्हटल्याने तो बरा होत नाही. उलट 'मला काय वाटते ते यांना कळलेच नाही' ही त्याची भावना वाढते. तेथे ऐकून घेणे आणि उपचारापर्यंत सोबत करणे हेच खरे. मानसिक आरोग्यासाठी भारत सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे.

'चिअर अप' कोण कोणाला म्हणू शकतो? वरिष्ठांना म्हणावे का?

इंग्रजीत 'तू' आणि 'आपण' असा भेद क्रियापदात दिसत नाही, त्यामुळे हे शब्द सर्वांना सारखेच चालतील असा समज होतो. प्रत्यक्षात 'चिअर अप!' हा आज्ञार्थ आहे आणि तो जवळच्या माणसाला, बरोबरीच्याला किंवा लहानाला शोभतो. मराठीत आपण वडीलधाऱ्यांना 'काका, असे तोंड पाडून बसू नका' असे फार जवळीक असल्याशिवाय म्हणणार नाही. तेवढाच विवेक येथेही करावा. वरिष्ठांना किंवा फारशी ओळख नसलेल्यांना लिहायचे असेल तर आज्ञार्थ टाळून 'आय होप धिस चिअर्स यू अप' अशी रचना करावी. यात इच्छा आहे, हुकूम नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना आणखी एक अनुभव येऊ शकतो. रस्त्याने विचारात चाललेल्या व्यक्तीला, विशेषतः बाईला, एखादा अनोळखी पुरुष 'चिअर अप, इट माइट नेव्हर हॅपन' असे म्हणून जातो. शब्दार्थ असा की 'ज्याची चिंता करता आहात ते कदाचित घडणारही नाही'. म्हणणाऱ्याला ते गमतीचे वाटते, पण अनेक जणींना ते उद्धट वाटते आणि त्यांचे वाटणे योग्य आहे. स्वतः असे कोणाला म्हणू नये, आणि कोणी म्हटलेच तर उत्तर देण्याचे बंधन नाही.

वस्तूसाठी किंवा जागेसाठी 'चिअर अप' वापरता येते का?

येते. 'न्यू कर्टन्स चिअर्ड द रूम अप' म्हणजे नव्या पडद्यांनी खोली खुलली. येथेही आधी खोली उदास, अंधारी दिसत होती असे गृहीत असते.

याचा विरुद्धार्थी शब्द कोणता?

'चिअर डाउन' असे कोणी म्हणत नाही. 'गेट समवन डाउन' किंवा 'ब्रिंग समवन डाउन' म्हणजे एखाद्याला खिन्न करणे: 'धिस वेदर गेट्स मी डाउन'. 'लेट डाउन' मात्र विरुद्धार्थी म्हणून लिहू नये. त्याचा अर्थ 'विश्वासाला न जागणे, ऐन वेळी साथ न देणे' असा आहे.

उच्चार कसा करावा आणि देवनागरीत कसे लिहावे?

ब्रिटिश उच्चारात एकट्या 'चिअर'मधील शेवटचा 'र' ऐकू येत नाही, पण पुढे स्वर आला की तो जागा होतो आणि पुढच्या शब्दाला चिकटतो. त्यामुळे 'चिअर अप' हे कानाला 'चिअ-रप' असे येते. दोन शब्दांमध्ये थांबून, तोडून म्हटले की ते पाठ केल्यासारखे वाटते. देवनागरीत 'चिअर अप' आणि 'चियर अप' ही दोन्ही लेखने आढळतात. एका मजकुरात एकच ठेवावे.

'चिअर्स', 'चिअरिओ', 'चिअरफुल' यांचा 'चिअर अप'शी काय संबंध?

शब्दाचे मूळ एकच, कामे वेगळी. 'चिअर्स' हे पेला उंचावताना म्हणतात, आणि ब्रिटनमध्ये दुकानात सुटे पैसे परत घेतानाही म्हणतात, कारण तेथे त्याचा अर्थ 'आभारी आहे' असा होतो. 'चिअरिओ' हा निरोपाचा शब्द असून तो आता जुन्या वळणाचा वाटतो. 'चिअरफुल' म्हणजे मुळातच प्रसन्न वृत्तीचा. अशा माणसाला 'चिअर अप' करण्याची वेळ क्वचितच येते. 'चिअरलेस' हे बहुधा माणसापेक्षा जागेला किंवा दिवसाला लावतात: उदास, भकास. 'चिअर्स अप' असे मात्र काही नाही. 'ही' आणि 'शी' यांच्यापुढे वर्तमानकाळात 'चिअर्स अप' हे रूप येते तेवढेच.

मराठी बोलताना 'चिअर अप' म्हटले तर चालते का?

मित्रामित्रांत चालते आणि सर्रास ऐकूही येते. आमच्या घरातील कॉलेजची मुले 'चिअर अप यार' म्हणतात आणि ऐकणाऱ्यापर्यंत त्यातली माया पोहोचते. 2000 पासून महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले, तेव्हा या पिढीच्या तोंडी असे शब्द येणे स्वाभाविक आहे. मराठीत मिसळताना 'चिअर अप करणे' आणि 'चिअर करणे' यांतला फरक मात्र जपावा: हरलेल्या मित्राला चिअर अप करतात आणि धावणाऱ्या मित्राला चिअर करतात.

ज्यांच्याशी आपण एरवी मराठीतच बोलतो त्यांच्यासाठी मी मराठी शब्दच सुचवीन. शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेल्या आत्याला 'चिअर अप, आत्या' असा संदेश पाठवण्यापेक्षा 'आत्या, रविवारी येतो, येताना तुझ्या आवडीची चकली आणतो आणि पत्त्यांचा डाव मांडू' असे लिहावे. पत्ते पिसायला तिला आत्तापासूनच हुरूप येईल.